इलेक्ट्रिक गाडी छोटी का घ्यावी आणि ती नेमकी कशी निवडावी

पेट्रोलच्या गाडीत आकाराचा भुर्दंड लपून राहायचा. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलो. त्यातली बरीचशी ऊर्जा इंजिन उष्णतेत घालवतं, तरीही चाकांपर्यंत जेवढं काम पोचतं तेवढं करायला सोळा-अठरा किलोची बॅटरी लागते. म्हणजे गाडी जड किंवा उंच झाली तर टाकी थोडी मोठी केली की प्रश्न मिटायचा. टाकी भरायला तशीही पाचच मिनिटं लागायची.

बॅटरीला ही सोय नाही. आजच्या बॅटरी पॅकमध्ये एका युनिटमागे साधारण ६ ते ८ किलो वजन येतं. (युनिट म्हणजे वीजबिलावर असतं तेच, एक किलोवॅट-तास. या लेखात सगळीकडे हेच माप धरलं आहे.) ३० युनिटांचा पॅक दोनशे किलोच्या वर जातो आणि ८० युनिटांचा पाचशेच्या वर. हे जादा तीनशे किलो पेलायला सांगाडा जाड हवा, स्प्रिंग कडक हव्यात, ब्रेक मोठे हवेत, टायर रुंद हवेत. त्या सगळ्यांचं वजन पुन्हा गाडीवरच पडतं, वीज जास्त जाते आणि तेवढीच रेंज टिकवायला बॅटरी आणखी वाढवावी लागते. याचं टोक बघायचं तर जीएमसी हमर ईव्ही बघा. गाडी ४,१०० किलोंची आणि त्यात नुसता बॅटरी पॅक सुमारे १,३०० किलोंचा. डाचिया स्प्रिंग या छोट्या गाडीची २६.८ युनिटांची आवृत्ती अख्खी मिळून १,००० किलोंच्या आसपास भरते.

हे चक्र उलटंही फिरतं, आणि छोटी गाडी निवडण्यामागचं खरं कारण तेच आहे. गरज कमी धरली की बॅटरी लहान होते, त्यामुळे गाडी हलकी होते, आणि हलकी गाडी त्या लहान बॅटरीवरही पुरेशी लांब जाते. म्हणून सुरुवात रेंजच्या आकड्यापासून करू नका. आधी स्वतःचा वापर मोजा.

आधी गरज मोजा

चार आठवडे एक साधी नोंद ठेवा. रोज किती किलोमीटर झाले, गाडीत किती माणसं होती, सामान काय होतं आणि त्यातला किती भाग सलग ताशी ९०च्या वर गेला, एवढ्या चार गोष्टी पुरतात. अंदाजाने लिहू नका, ओडोमीटर बघून लिहा. न मोजता सांगितलेलं रोजचं अंतर बहुधा खऱ्यापेक्षा जास्त असतं, कारण लक्षात राहतात ते लांबचे दिवस.

आता दोन चार्जिंगच्या मधला नेहमीचा सगळ्यात लांब दिवस घ्या. वर्षातून दोनदा होणारा प्रवास इथे धरायचा नाही, त्याचा विचार पुढे आहे. समजा तो दिवस ७० किलोमीटरचा आहे. छोटी गाडी शंभर किलोमीटरला साधारण १४ युनिटं घेते असं धरू.

७० किलोमीटरला ९.८ युनिटं लागतील. बॅटरी रोज ८० टक्क्यांपासून १० टक्क्यांपर्यंतच वापरायची, म्हणून ०.७ ने भागा: १४ युनिटं. कडक थंडीत किंवा हीटर जोरात चालू असताना रेंज पाव भागाने घटते असं धरून ०.७५ ने भागा: १८.७. बॅटरी जुनी होऊन क्षमता ८० टक्क्यांवर आली तरी गाडी पुरली पाहिजे, म्हणून शेवटी ०.८ ने भागा: २३.३. म्हणजे वापरण्याजोगी २४ युनिटं असलेली गाडी रोज ७० किलोमीटर, वाईट हवेत आणि म्हातारपणीही, निभावून नेईल. हा हिशेब मुद्दाम कडक ठेवला आहे. सौम्य हवेत राहत असाल तर ०.७५ ऐवजी ०.८५ धरा.

उरले वर्षातले मोजके लांबचे प्रवास. त्यांच्यासाठी वर्षभर तीनशे किलो जादा वाहून नेण्यात अर्थ नाही. त्या दिवसांपुरती मोठी गाडी भाड्याने घेता येते, रेल्वे असते, किंवा वाटेत दोन-तीनदा थांबून चार्ज करता येतं. नोंदवहीत असे दिवस महिन्याला दोनाहून जास्त निघाले, किंवा ट्रेलर ओढायचा असेल, किंवा रोज सहा माणसं बसत असतील, तर छोटी गाडी तुमच्यासाठी नाही हे मान्य करून पुढे जा. जबरदस्तीने लहान गाडी घेऊन रोज तिच्याशी भांडण्यापेक्षा ते बरं.

वेग आणि वजन: वीज नक्की कुठे जाते

हा हिशेब समजला की माहितीपत्रकातल्या निम्म्या जाहिरातीचा प्रभाव आपोआप उतरतो. सपाट रस्त्यावर एका वेगाने चालणाऱ्या गाडीला दोन विरोध असतात. टायरचा विरोध वजनाच्या प्रमाणात वाढतो. हवेचा विरोध समोरच्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

माणसांसकट १,३५० किलोंची छोटी गाडी आणि २,६५० किलोंची मोठी गाडी घेऊ. शंभर किलोमीटरला टायरमध्ये पहिलीची ३.७ युनिटं जातात, दुसरीची ७.२. ताशी १००च्या वेगाला हवेत पहिलीची सुमारे ८.९ आणि दुसरीची १०.३. मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्समधली घट धरली की एकूण १४.५ विरुद्ध २०. ताशी ५०ला मात्र तोच हिशेब ६.८ विरुद्ध ११.२ असा येतो.

हवेतला फरक अपेक्षेपेक्षा कमी दिसतो, त्याला कारण आहे. आखूड गाडीचा मागचा भाग एकदम तुटक संपतो, त्यामुळे तिच्यामागे हवेचे भोवरे जास्त होतात. लांब गाडीला निमुळती शेपटी देता येते. म्हणून छोटी गाडी शहरात आणि मधल्या वेगात मोठ्या गाडीला फार मागे टाकते, पण द्रुतगती रस्त्यावर तिचा फायदा आटतो. वरच्या २४ युनिटांच्या गाडीत ८० ते १० टक्क्यांमधली १६.८ युनिटं घेतली, तर ताशी ९०ला सुमारे १३४ किलोमीटर मिळतात आणि १२०ला जेमतेम ८८. वेग तीसने कमी केला की दीडपट अंतर मिळतं. छोट्या गाडीत लांबचा प्रवास करताना एवढी एकच गोष्ट पाळली तरी बराच त्रास वाचतो.

शहरातल्या थांबत-चालत वाहतुकीत वजनाचं नुकसान थोडं भरून निघतं, कारण वेग कमी करताना मोटर जनरेटर होऊन वीज परत बॅटरीत टाकते. पण जाताना आणि येताना दोन्हीकडे घट होते, त्यामुळे सगळी वीज परत मिळत नाही. टायरमध्ये गेलेली तर मुळीच मिळत नाही.

माहितीपत्रक वाचताना

लांबीवरून वजन ठरवू नका. २०१३ साली आलेली बीएमडब्ल्यू आय-३ जवळपास ४ मीटर लांब होती आणि कार्बन फायबरच्या शरीरामुळे सुमारे १,२०० किलोंची होती. होंडा ई तिच्याहून आखूड, ३.८९ मीटर, पण वजनाने दीड टन. आय-३ चे टायरही शिकण्यासारखे: १५५ मिलिमीटर रुंद आणि १९ इंची रिमवर, म्हणजे अरुंद आणि उंच. असे टायर हवेला कमी अडतात आणि सहज फिरतात. जपानमधल्या केई या छोट्या गाड्यांच्या वर्गात आकारालाच कायद्याची मर्यादा आहे, लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८ मीटर. त्या चौकटीत २०२२ साली आलेल्या निसान साकुराला २० युनिटांची बॅटरी आहे.

मग या गोष्टी क्रमाने शोधा.

वापरण्याजोगी क्षमता. पत्रकात बहुतेकदा एकूण क्षमता ठळक छापतात. वरखाली राखीव ठेवलेला भाग वजा जातो. फियाट ५००ई मध्ये ४२ युनिटांपैकी सुमारे ३७ वापरता येतात. हिशेबात नेहमी दुसरा आकडा घ्या.

रेंज. पत्रकातली रेंज ज्यावरून ठरते त्या डब्ल्यूएलटीपी या प्रमाणित चाचणीचा सरासरी वेग ताशी ४६ किलोमीटरच्या आसपास आणि तापमान २३ अंश असतं. ही छोट्या गाडीच्या सोयीची परिस्थिती आहे. द्रुतगती रस्त्यावर तो आकडा मिळणार नाही.

वजन वाहण्याची क्षमता. इथे बरेचजण फसतात. गाडीचं कमाल परवानगीचं वजन आणि रिकामं वजन यांतला फरक काढा. छोट्या इलेक्ट्रिक गाडीत तो ३०० ते ४०० किलोंच्या दरम्यान असू शकतो. ७५ किलोंची पाच माणसं म्हणजे ३७५ किलो, सामान अजून चढायचंच आहे. युरोपीय पत्रकांत रिकाम्या वजनात ७५ किलोंचा चालक आधीच धरलेला असतो, इतरत्र नसतो, तेही बघून घ्या. टपावर कॅरिअर लावायची परवानगी बऱ्याच छोट्या गाड्यांना नसते. स्टेपनीही नसते, पंक्चर किट असतं.

बॅटरीचं रसायन आणि तिचं थंड राहणं. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी त्याच क्षमतेला थोडी जड असते, पण जास्त चक्रं टिकते आणि तिला पूर्ण चार्ज केलेलं चालतं. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) हलकी असते, पण रोज शंभर टक्के भरून ठेवली तर लवकर थकते. थंड करण्याची व्यवस्था मात्र दोन्हींत तपासा. २०१० साली आलेल्या पहिल्या निसान लीफमध्ये बॅटरी थंड करायला द्रव फिरवण्याची सोय नव्हती, आणि अमेरिकेतल्या ॲरिझोनासारख्या उष्ण भागात तिची क्षमता झपाट्याने घटली. तुमच्याकडे उन्हाळा कडक असेल किंवा जलद चार्जिंग वारंवार करणार असाल, तर द्रवाने थंड होणारी बॅटरीच घ्या. रोज घरी सावकाश चार्ज करून शहरात फिरणार असाल तर हवेने थंड होणारी चालून जाते.

चार्जर. गाडीतला एसी चार्जर (घरच्या विजेवर बॅटरी भरणारा) किती किलोवॅटचा आहे आणि डीसी जलद चार्जिंग आहे का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. स्वस्त आवृत्तीत डीसी अनेकदा वगळलेलं असतं किंवा जादा पैसे मोजून मिळतं, आणि नंतर बसवून घेणं जवळपास अशक्य असतं. जलद चार्जिंगच्या बाबतीत मोठ्या गाड्या सरस आहेत, कारण मोठा पॅक जास्त पॉवर घेऊ शकतो. मात्र तुलना किलोवॅटची न करता तासाला मिळणाऱ्या किलोमीटरची करा. १४.५ युनिटं घेणारी छोटी गाडी ५० किलोवॅटवर तासाला सुमारे ३४५ किलोमीटरच्या गतीने भरते. २० युनिटं घेणाऱ्या गाडीला तेवढ्यासाठी सुमारे ७० किलोवॅट लागतात.

थंड प्रदेशात हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारा, कमी वीज खाणारा हीटर) आहे का विचारा. साधा हीटर सुरुवातीला काही किलोवॅट खातो आणि नंतरही एखाद-दोन किलोवॅटवर चालू राहतो. हा खर्च किलोमीटरला नसून तासाला असतो, म्हणून कोंडीत अडकलेल्या छोट्या गाडीला तो जास्त झोंबतो. सीट गरम करण्याची सोय असेल तर ती आधी वापरा, तिला शंभर वॅटही लागत नाहीत.

सुरक्षितता, दोन्ही बाजूंनी

छोट्या गाडीबद्दलची सगळ्यात मोठी भीती टकरीची आहे, आणि ती खोटी नाही. जड गाडीशी टक्कर झाली तर हलक्या गाडीचा वेग जास्त झटक्याने बदलतो. म्हणून छोटी गाडी घेताना सुरक्षेत काटकसर करायची नाही. छोट्या गाड्यांतही फरक प्रचंड आहेत. गाड्यांची टक्कर-चाचणी घेऊन पाचपैकी तारे देणाऱ्या युरो एनकॅप संस्थेच्या २०२१ च्या चाचणीत डाचिया स्प्रिंगला एकच तारा मिळाला. रेनो झोईला २०१३ साली पाच तारे होते, आणि २०२१ मध्ये एकही नाही: चाचणी कडक झाली होती आणि डोकं वाचवणारी बाजूची एअरबॅग बदलून कमी परिणामकारक बसवली होती. म्हणून तारे किती यासोबत ते कोणत्या वर्षीचे आणि कोणत्या आवृत्तीचे, हेही बघा. बाजूच्या पडदा एअरबॅग, स्थिरता नियंत्रण आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा या तीन गोष्टींवर तडजोड करू नका.

सित्रोएन आमीसारखी वाहनं (५.५ युनिटांची बॅटरी, ताशी ४५ची मर्यादा) मोटारीत मोडतच नाहीत. युरोपात ती हलक्या चारचाकीच्या वेगळ्या वर्गात येतात आणि त्यांना मोटारींचे टकरीचे नियम लागू नाहीत. संथ रस्त्यांवर ती उत्तम आहेत. वेगवान रस्त्यावर नेऊ नका.

दुसरी बाजू रस्त्यावर चालणाऱ्यांची. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०२३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात ४० इंचांहून उंच बॉनेट असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळली. घरातलं लहान मूल उंच बॉनेटसमोर उभं असेल तर चालकाला ते दिसतच नाही. आपली सुरक्षा मोजताना हा आकडाही त्याच वहीत लिहावा, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

चालवून बघताना

स्वतःचं सामान सोबत न्या: मुलाची सीट, बाबागाडी, नेहमीची मोठी बॅग. मागे तोंड करून बसवायची बालसीट लावली की पुढची सीट किती सरकवावी लागते ते बघा. छोट्या गाडीत बहुतेक वेळा हीच खरी मर्यादा निघते. मागच्या सीटवर दहा मिनिटं बसा. बॅटरी पायाखाली असल्याने गाडीचा तळ उंच येतो आणि गुडघे वर उचलले जातात, मांड्यांना आधार मिळत नाही. दोन मिनिटांत हे लक्षात येत नाही.

मग गाडी खऱ्या पार्किंगमध्ये लावा. २.४ मीटर रुंद जागेत १.६५ मीटरची गाडी लावली की दोन्ही बाजू मिळून ७५ सेंटिमीटर उरतात, २ मीटरच्या गाडीला फक्त ४०. रुंदी आरशांसकट आहे की आरशांविना, ते विचारून घ्या. शेवटी ताशी १००वर पाच मिनिटं चालवा, टायरचा आणि वाऱ्याचा आवाज ऐका, आणि स्क्रीनवर शंभर किलोमीटरला किती युनिटं दिसतात ते टिपा.

घरचं चार्जिंग

छोट्या गाडीचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा फायदा इथे आहे. साध्या २३० व्होल्ट, १० अँपिअरच्या सॉकेटमधून २.३ किलोवॅट मिळतात. आठ तासांत १८.४ युनिटं, घट जाऊन बॅटरीत सुमारे १६. म्हणजे २४ युनिटांची बॅटरी १० वरून ८० टक्क्यांवर जवळपास एका रात्रीत. ८० युनिटांच्या बॅटरीला त्याच सॉकेटवर तेवढ्याच टक्क्यांसाठी २८ तास लागतील. भिंतीवरचा वेगळा चार्जर छोट्या गाडीला अनेकदा लागतच नाही.

मात्र ते सॉकेट धड हवं. घरातली इतर उपकरणं एक-दोन तास जास्त वीज ओढतात, गाडी रात्रभर ओढते. सैल पकड असलेलं जुनं सॉकेट त्यात तापतं, प्लास्टिक वितळतं, आणि आग लागण्याची सुरुवात तिथूनच होते. त्यासाठी बोर्डपासून स्वतंत्र लाइन, स्वतःचा एमसीबी आणि तपासून घेतलेलं अर्थिंग हवं. विजेची गळती ओळखून प्रवाह तोडणारा आरसीडी स्विच टाइप ए असेल तर सोबत ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय हवी, नाहीतर टाइप बी हवा. साधा टाइप एसी चालत नाही, कारण डीसी गळतीने तो आंधळा होऊ शकतो. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लग हाताला लावून बघा. कोमट चालेल. चटका बसत असेल तर लगेच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. एक्स्टेंशन बोर्ड कधीही वापरू नका. ३२ अँपिअरची लाइन घालायची तर साधारण ६ चौरस मिलिमीटर तांब्याची तार लागते, अंतर लांब असेल तर त्याहून जाड.

एनएमसी बॅटरी रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरा. एलएफपी आठवड्यातून एकदा शंभर टक्के करा. तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे कधीच पूर्ण भरली नाही तर गाडीचा टक्क्यांचा अंदाज चुकत जातो आणि एखाद्या दिवशी १५ टक्के दाखवत असतानाच बॅटरी संपते. लहान बॅटरीत अशी चूक महागात पडते.

जुनी घेत असाल तर

ओबीडी पोर्टला (गाडीतले दोष तपासायच्या सॉकेटला) रीडर लावून बॅटरीचं आरोग्य टक्क्यांत बघा आणि सगळ्यात कमकुवत सेल व सरासरी सेल यांच्या व्होल्टेजमधला फरक बघा. टक्के चांगले पण एखादा सेल बराच खाली असेल, तर ती गाडी सोडा. बहुतेक कंपन्यांची बॅटरी हमी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आणि ७० टक्के क्षमता अशी असते. ती नव्या मालकाच्या नावे चालू राहते का, हे लेखी घ्या.

ब्रेक मुद्दाम तपासा. मोटरच वेग कमी करते म्हणून ब्रेक पॅड फारसे झिजत नाहीत, उलट डिस्क गंजतात आणि कॅलिपर अडकतात. आठवड्यातून दोन-चारदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, ब्रेक जोरात दाबत राहिलात तर गंज बसत नाही.

आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नका. मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असताना गाडी मेल्यासारखी उभी राहण्याचं नेहमीचं कारण तीच असते. मोठ्या बॅटरीला जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि गाडीचे संगणक या १२ व्होल्टवर चालतात. ती उतरली की रिले जुळत नाहीत आणि चार्जिंगही सुरू होत नाही. गाडी तीन-चार आठवडे उभी ठेवणार असाल तर ॲपवरून ती वारंवार जागी करू नका. तीन-चार वर्षांनी या बॅटरीचं व्होल्टेज दर महिन्याला मोजा. गाडी रात्रभर उभी असताना १२.४ च्या खाली जाऊ लागलं की बदला. बाहेरून १२ व्होल्ट देऊन आपली गाडी जागी करता येते, पण आपल्या गाडीने दुसऱ्याची सुरू करायला जाऊ नका. मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट काढणारा तिचा डीसी कन्व्हर्टर स्टार्टर मोटरच्या झटक्यासाठी बनवलेला नसतो.